मिस्त्रीच्या हिशेबातून सुटलेले सहा इंच

प्रश्न, थोडक्यात: यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्ह्याकडच्या एका गावातून शेतकरी वाचकाचं पत्र आलंय. भावाभावांच्या वाटणीत आलेल्या जागेवर ते पक्कं घर बांधताहेत. जोतं झालं, कॉलम उभे राहिले, महिन्याभरात स्लॅब पडेल. जिन्यासाठी सहा फूट रुंद आणि आठ फूट लांब जागा सोडलीय. मिस्त्री गावातलेच, वडिलांच्या वेळेपासूनचे. ते म्हणतात, "दहा फूट उंची, आठ-आठ इंचाच्या पंधरा पायऱ्या येतात, विषमच हायेत, काही पाहाचं काम नाही." यवतमाळला डिप्लोमा करणाऱ्या पुतण्याच्या मते सहा इंचाच्या वर पायरी नकोच. आईला सम आकडा चालत नाही. शेवटी ते लिहितात, "आईचे गुडघे दुखतात, पण तिची खोली खालीच आहे, ती काही वर जाणार नाही. मला फक्त आकडा सांगा ताई, पंधरा, सतरा की एकवीस? आणि जिन्याखाली संडास बसेल का?"

उत्तर:

भाऊ, आकडा सांगते. पण त्याआधी तुमच्या मिस्त्रींचा हिशेब जरा उलगडून पाहू. दहा फूट म्हणजे १२० इंच. त्याला आठनं भागलं की बरोबर १५, आणि वर विषम. हिशेब इतका चोख बसतो की पुन्हा तपासायचं कोणाच्या मनातच येत नाही. मात्र हे दहा फूट कुठून कुठपर्यंत मोजले? तुमच्या पत्रावरून दिसतं की जोत्याच्या कच्च्या माथ्यापासून स्लॅबच्या तळापर्यंत. म्हणजे पंधरावी पायरी चढलात की तुम्ही स्लॅबच्या तळाशी पोचता. गच्ची अजून वरच आहे.

जिन्याची उंची मोजायची ती खालच्या तयार फरशीपासून वरच्या तयार फरशीपर्यंत. दोन्हीकडे "तयार" हा शब्द मिस्त्रींना दोनदा सांगा. तुमच्याच घराचं गणित करू. कच्च्या जोत्यापासून स्लॅबचा तळ १२० इंच. स्लॅब पाच इंचाचा, झाले १२५. खाली उद्या टाइल्स बसतील, मसाल्यासकट अडीच इंच खातील, उरले एकशे साडेबावीस. वर गच्चीवर गळती लागू नये म्हणून विटांच्या तुकड्यांचा कोबा आणि त्यावर फरशी येईल. जिन्याच्या तोंडाशी तो थर साडेतीन इंच धरा. एकूण १२६ इंच, म्हणजे साडेदहा फूट. तुमचा स्लॅब किंवा कोबा कमीजास्त असेल तर आकडा बदलेल, रीत हीच राहील.

हे सहा इंच हिशेबात नसले की ते शेवटी कुठेतरी निघतात. बहुतेक वेळा सगळ्यात वरच्या पायरीत. खालून आठ-आठ इंचाची सवय झालेला पाय वर तेरा-चौदा इंचाला अडतो, आणि उतरताना तर पहिलंच पाऊल खड्ड्यात पडल्यासारखं जातं. गावोगावच्या नव्या घरांत ही शेवटची उंच पायरी मी इतक्यांदा पाहिलीय की कोणाच्याही गच्चीवर पोचताना माझा पाय आता आपोआप जास्त उचलला जातो.

सगळे सहा इंच पंधरा पायऱ्यांत वाटले तरी १२६ भागिले १५ म्हणजे एक पायरी ८ इंच ३ सूत (आठ सूत म्हणजे एक इंच). राष्ट्रीय इमारत संहितेत राहत्या घरासाठी पायरीची उंची जास्तीत जास्त १९० मिलिमीटर, म्हणजे जेमतेम साडेसात इंच सांगितलीय. पाय ठेवायची जागा कमीत कमी २५० मिलिमीटर, म्हणजे दहा इंचाला थोडी कमी. आणि एका दमात फार उठाव, म्हणजे पायऱ्यांच्या उभ्या चढणी, नकोत, मध्ये टप्पा, म्हणजे थांबायची सपाट जागा, हवा. खेड्यात हे तपासायला कोणी येत नाही, हे मलाही माहीत आहे. पण गुडघा शहरात आणि खेड्यात एकच असतो.

आता गुडघ्यावरूनच. "आई काही वर जाणार नाही" हे वाक्य मी दोनदा वाचलं. भाऊ, घरात गच्चीवर सगळ्यात जास्त फेऱ्या कोणाच्या होतील, याचा जरा विचार करा. तुमच्या? तुम्ही टाकीत पाणी पडतंय की नाही ते पाहायला जाल. मिरची, तुरी, कुरड्या, सरगुंडे, शेवया वाळत घालायला, दुपारी हलवायला, संध्याकाळी पाखरं येण्याआधी गोळा करायला कोण जाणार? वहिनी जातील, आणि दोन दिवसांनी त्यांच्यामागे आईही जातील, कारण दुसऱ्यानं वाळवलेलं त्यांना पटणार नाही. मे महिन्यात पारा पंचेचाळीसवर गेला की सगळं घर गच्चीवर झोपायला जातं, तेव्हा आई एकट्या खाली कूलरसमोर राहतील का? रात्री दोन वाजता, लाइट गेलेली असताना, पाणी प्यायला खाली कोण उतरेल? गुडघेदुखीच्या माणसाला चढण्यापेक्षा उतरणं जड जातं, हे आईंना विचारून पाहा.

म्हणून आधी हे ठरवा की या जिन्यावरून कोण जाणार आणि हातात काय घेऊन जाणार. तुमच्याकडे कापूस आहे. भाव येईपर्यंत तो घरात भरून ठेवायचा, आणि पुढे वर खोली झाली की वर न्यायचा, हे तुम्हीच लिहिलंय. डोक्यावर कापसाचं बोचकं किंवा खांद्यावर सोयाबीनचा कट्टा असलेल्या माणसाला स्वतःचे पाय दिसत नाहीत. त्याला प्रत्येक पायरी आधीच्या पायरीसारखीच लागते, एका सुताच्या फरकानं चालेल, पण इंचाच्या नाही.

पायरीची उंची आणि रुंदी (पाय ठेवायची जागा) एकमेकींशी बांधलेल्या असतात. १७व्या शतकात फ्रान्स्वा ब्लाँडेल या फ्रेंच वास्तुविशारदानं याचा एक साधा नियम मांडला, तो आजही जगभर वापरतात. सपाटीवर माणसाचं एक पाऊल साधारण चोवीस इंच पडतं. पाय जितका वर उचलावा लागेल त्याच्या दुप्पट तो पुढे कमी पडतो. म्हणून पायरीची उंची दोनदा आणि रुंदी एकदा मिळवली की बेरीज चोवीसच्या आसपास यावी. चोवीस ते पंचवीसपर्यंत चालतं. ब्लाँडेलचा इंच आपल्या इंचापेक्षा किंचित मोठा होता, पण आपल्याकडच्या बेताच्या उंचीच्या माणसांना आपल्या इंचातले चोवीसच बरे पडतात, असा माझा अनुभव.

सात इंच उंची, दहा इंच रुंदी. सात दुणे चौदा, अधिक दहा, चोवीस. तुमच्या १२६ ला सातनं भागा, बरोबर अठरा येतात. हा माझा आकडा.

पुतण्याचंही ऐकू. सहा इंचानं एकवीस उठाव होतात. नियमाप्रमाणे मग रुंदी बारा इंच हवी, आणि टप्प्यासकट वळणाच्या जिन्याला तेरा फूट लांबी लागेल. ती तुमच्याकडे नाही. जागा नाही म्हणून उंची सहा ठेवून रुंदी दहाच केली तर बेरीज बावीस येते, पावलं आखूड पडतात आणि तरणा माणूस दोन-दोन पायऱ्या गाळत जातो. शाळेत, दवाखान्यात, देवळाच्या पटांगणात सहा इंची पायरी छान वाटते, कारण तिथं लांबीची ददात नसते. पायरी जितकी बुटकी तितकी चांगली, हा समज पुस्तक वाचून येतो. पुतण्याला रागावू नका, मोजायला मात्र त्यालाच सोबत घ्या.

सतराचं काय? १२६ भागिले १७ म्हणजे ७ इंच ३ सूत. वाईट नाही. पण तुमचा जिना वळणाचा आहे, अर्धा चढून टप्पा आणि परत उलटा. सतरा उठाव केले तर नऊ खालच्या भागात, आठ वरच्या. अठरा केले तर नऊ आणि नऊ. दोन्हीत लांब भाग नऊ उठावांचाच, म्हणजे जागा तेवढीच लागते. मग तेवढ्याच जागेत सतरा कशाला? अठरातली पायरी जवळपास अर्ध्या इंचानं बुटकी मिळते, फुकटात.

राहिला सम-विषमचा प्रश्न. आईंच्या मनाविरुद्ध काही करा असं मी म्हणणार नाही, त्यांनाही त्या घरात राहायचंय. पण उठाव अठरा असले तरी पाय ठेवायच्या जागा सतराच होतात. खालच्या भागात आठ, मधला टप्पा एक, वरच्या भागात आठ. अठरावं पाऊल थेट गच्चीवर. आईंना जिन्यात उभं करून खालपासून मोजायला सांगा, सतरा येतील, आणि यात खोटं काही नाही. कोणी म्हणेल, उजवा पाय खाली तर वरही उजवाच हवा. मधल्या टप्प्यावर वळताना माणूस कधी दोन पावलं टाकतो, कधी तीन, त्यामुळे वर कोणता पाय पोचेल हे त्या टप्प्यावरच ठरतं.

खरा अडथळा आकड्याचा नसून जागेचा आहे. एका भागातल्या आठ पायऱ्या, प्रत्येकी दहा इंच, म्हणजे ८० इंच, सहा फूट आठ. त्यात तीन फुटांचा टप्पा मिळवा, नऊ फूट आठ इंच. तुम्ही सोडलेत आठ फूट. म्हणजे एक फूट आठ इंच कमी पडतात. मिस्त्री आठ फुटांतच बसवून देतील, त्यात शंका नाही. पायरी साडेसात-आठ इंच रुंद करतील, आणि उतरताना प्रत्येकाची टाच हवेत राहील. किंवा टप्प्याच्या जागी तीन तिकोनी पायऱ्या काढतील. तिकोनी पायरीला आतल्या कोपऱ्यात रुंदीच नसते, आणि कट्टा घेऊन वळणारा माणूस नेमका आतल्या बाजूनंच वळतो. त्या तिकोनी पायऱ्या तुम्ही अजिबात घेऊ नका.

मग करायचं काय? तुमच्या नकाशात जिन्याच्या मागे कोठीची खोली आहे, आणि तिची भिंत अजून उठलेली नाही. ती एक फूट आठ इंच मागे सरकवा. कोठी दहा चौरस फुटांनी लहान होईल. वाईट वाटेल, कारण वाटणीत आलेली जागा आपण इंचाइंचानं मोजतो आणि जिना हा उरलेल्या जागेत बसवायचा असतो असंच सगळ्यांना वाटतं. पण त्या दहा फुटांत तुम्ही जेवढे कट्टे ठेवाल त्याहून जास्त टप्प्याखाली मावतील. एवढंच बघा की स्लॅबमध्ये जिन्यासाठी सोडायची मोकळी जागाही तेवढीच लांबवावी लागेल. कडेचा बीम सरकेल, आणि जिन्याच्या तिरप्या स्लॅबचं लोखंडही ठरवावं लागेल, विशेषतः टप्प्याला जिथं तो मोडतो तिथलं. हे मिस्त्रींच्या अंदाजावर सोडू नका. ज्यांनी कॉलमचा नकाशा दिला त्या इंजिनिअरकडून सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) लागायच्या आत कागदावर घ्या.

दुसरा मार्ग बाहेरचा जिना. घरातली जागा वाचते, पुढे वर भाडेकरू ठेवायचा तर सोयीचा. पण सरळ जिना टप्प्यासकट सोळा फूट चार इंच लांब जातो, भावाच्या भिंतीकडच्या तुमच्या बोळात तो आला की बोळ संपला. शिवाय आपली काळी माती. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. घराचा पाया खोल, आणि जिन्याची खालची पायरी नुसती अंगणातल्या मातीवर ठेवलेली, असं केलं की दोन पावसाळ्यांत ती पायरी घरापासून सुटते आणि खाली जाते. बाहेर जिना घेणाऱ्यांनी त्याचा पायाही मुरमापर्यंत न्यावा. पायऱ्यांना बाहेरच्या बाजूला अगदी दोन सूत उतार द्यावा, पाणी साचत नाही.

आता जागेवरची आखणी. इथं मिस्त्रींशी गाठ पडेल, म्हणून नीट सांगते. सगळ्या पायऱ्या तयार झाल्यावर सात इंच हव्यात, पण काँक्रीट ओतताना त्या सगळ्या सात इंच नसतील. पायरीवर कडप्पा बसेल, मसाल्यासकट पावणेदोन इंच. खालची टाइल अडीच इंच, गच्चीचा कोबा साडेतीन. हे तीन थर सारखे नाहीत. त्यामुळे कच्च्या कामात तुमची पहिली पायरी ७ इंच ६ सूत, मधल्या सोळा बरोबर ७, आणि शेवटची ५ इंच २ सूत येते. बेरीज करा, १२५ भरेल, कच्च्यापासून कच्च्यापर्यंत तेवढंच अंतर आहे. सेंट्रिंगवाल्याला शेवटची पायरी बुटकी दिसली की तो ती "दुरुस्त" करायला जाईल. त्या दिवशी तिथं उभे राहा.

आखताना प्रत्येक पायरीला टेप लावून सात-सात इंच मोजत वर जाऊ नका. दर खेपेला एक सूत सुटलं तर वर पोचेपर्यंत अठरा सूत, सव्वादोन इंच होतात. त्यापेक्षा साडेदहा फुटांची एक सरळ लाकडी पट्टी घ्या, तिच्यावर एकाच टोकापासून ७, १४, २१ असे १२६ पर्यंत खुणा करा. पाण्याच्या नळीनं तयार फरशीची पातळी भिंतीवर उतरवा, पट्टी तिथं टेकवून उभी धरा आणि खुणा भिंतीवर घ्या. मग गुण्या लावून सगळ्या पायऱ्या खडूनं भिंतीवरच काढा, तयार रेघ पांढरी आणि कच्ची रेघ कोळशानं. मिस्त्रींना "तुमचं चुकलं" असं म्हणायची गरज नाही. "काका, यात स्लॅबची जाडी कुठे धरली ते एकदा दाखवा ना," एवढं विचारा. वडिलांच्या वेळचा माणूस आहे, भिंतीवरची रेघ पाहिली की पुढचं त्यांचं तेच बोलतील.

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर अंगणात विटा आणि फरशीचे तुकडे रचून तीन पायऱ्या सात इंचाच्या आणि शेजारी तीन सव्वाआठ इंचाच्या करा. हातात सूप देऊन आईंना दोन्हींवरून चढवा आणि उतरवा, हात धरायला कोणीतरी शेजारी असू द्या.

संडासाचं उत्तर नाही असं आहे. टप्पा तयार फरशीपासून ६३ इंचावर येईल, त्यातून काँक्रीटची आणि वरच्या कडप्प्याची जाडी गेली की खाली साडेचार फूट आणि वर थोडंसं उरतं. तिथं माणूस उभा राहत नाही. फरशी दीड फूट खाली घ्या, असं कोणी सुचवलं तर ऐकू नका, पावसाळ्यात सगळं पाणी उलटं आत येईल. तिथं कट्टे, इन्व्हर्टर, उन्हाळ्याबाहेर कूलर ठेवा.

सहा फुटांच्या रुंदीत दोन्ही भाग दोन फूट दहा इंचांचे येतील, मध्ये चार इंच कठड्याला. टप्पाही त्याहून अरुंद नको, नाहीतर लोखंडी कपाट वळणार नाही. कठड्याबरोबर भिंतीच्या बाजूलाही धरायला पाइप लावा. आईंसाठी पायरी आणखी अर्धा इंच कमी करण्यापेक्षा त्या पाइपचा उपयोग जास्त होईल. लहान मुलं आहेत, म्हणून कठड्याच्या उभ्या गजांत चार इंचापेक्षा कमी फट ठेवा. खाली-वर दोन्हीकडून लागणारं दिव्याचं बटण आत्ताच पाइपात वायर टाकून घ्या. कडप्प्याला पायरीच्या कडेशी दोन खाचा मारायला सांगा, चकचकीत पॉलिश नको. दहा इंच म्हणजे एका पायरीच्या कडेपासून दुसऱ्या पायरीच्या कडेपर्यंत, दगड अकरा इंचाचा आणा, एक इंच पुढे निघालेला.

ज्या वाचकांचा जिना अजून कागदावर आहे, त्यांनी तयार ते तयार उंची सातनं भागावी. अपूर्णांक आला तर पुढचा आकडा धरावा, मागचा नाही. मग त्या आकड्यानं उंचीला पुन्हा भागून सुतापर्यंत माप काढावं. रुंदी नियमानं काढावी, दहा इंचाच्या खाली येऊ देऊ नये. पाय ठेवायच्या जागा उठावांपेक्षा एकनं कमी, हे विसरलं की लांबी चुकते. ज्यांचा जिना बांधून झालाय आणि फक्त शेवटची पायरी उंच आहे, त्यांनी गच्चीच्या तोंडाशी कोबा नव्यानं करताना जाडी कमी होते का ते पाहावं. तीही सोय नसेल तर त्या पायरीच्या कडेला पिवळा पट्टा मारावा आणि वर एक दिवा लावावा. पहिली पायरी बाहेरच्या अंगणात असेल तर गावातला रस्ता नव्यानं सिमेंटचा झाला, अंगणात मुरूम पडला की तिची उंची बदलते, दरवेळी ती मोजून घ्यावी.

आणि भाऊ, कोठीचं दार तुम्ही जिन्याच्या पायथ्याशी दाखवलंय, ते बाहेर उघडतंय. ते आत उघडणारं करा, नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर येईल.